रक्तही फसफसतं

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी अजून कुठे टिकले नाही. सध्या कुरुळीत एका कंपनीत पार्ट तपासते, त्याआधी निगडीला मोबाईलच्या दुकानात होते, तिथला मालक तर... जाऊ द्या, सांगायचं वेगळंच आहे.

भोसरीतली तुमची लॅब. बारावी अर्धवट सोडून आलेल्या मला तुम्ही काचेच्या बशीत वाढलेले जंतू दाखवताय. रक्त घातलेल्या लालभडक थरावर दोन जंतूंचे दोन ठिपके, स्टॅफ आणि स्ट्रेप, सख्ख्या भावांसारखे. "पेरॉक्साइडचा थेंब टाक, लगेच कळतंय. स्टॅफकडं कॅटालेज नावाचं एन्झाइम हाय, तो फसफसतो. स्ट्रेपकडं न्हाई, तो गप." मी ठिपका उचलला आणि तुम्ही मनगटावर सपकन पट्टी हाणलीत. वळ उठला. "खालचं रक्त खरवडलंस, पोरी! रक्तात पण तेच एन्झाइम असतं. फसफसणार रक्त, आणि तू लिहिणार स्टॅफ. वरच्या वर उचल."

मग प्रेसमध्ये पंजाचा चेंदा झालेल्या त्या कामगाराचा पू आला. दुसऱ्या दिवशी बशीत ठिपके उगवले, पण मला पिंपरीच्या बाजारात जायचं होतं, मैत्रीण खाली हॉर्न वाजवत होती. मी खरवडलं. फेस आला. स्टॅफ लिहिलं, तुम्ही माझ्यावर विसंबून सही केलीत आणि डॉक्टरांनी स्टॅफचंच औषध सुरू केलं. दोन दिवसांत हात काळा पडला, कातडी सोलवटत दंडापर्यंत गेली आणि खांद्यापासून हात कापला. तसाही गेला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. खरं-खोटं देव जाणे.

हात कापल्याचं कळलं त्या सकाळी मी तीच बशी काढून नीट, वरच्या वर ठिपका उचलून पुन्हा थेंब टाकला. एक बुडबुडा नाही. मी आतल्या खोलीत, वाफेने जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हमध्ये बशी टाकून झाकण आवळते आहे तोवर त्या कामगाराचे भाऊ लॅबमध्ये घुसले. "कुणी केला रे रिपोर्ट?" "सही माझी हाय," तुम्ही म्हणालात. पहिला फटका स्टुलाचा. काचा फुटल्या, तुमचा जबडा मोडल्याचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू आला. मग लाथा. मी कडी लावून उभी.

दवाखान्यात तुमचे दात तारेने बांधलेले. तुम्ही कागदावर लिहिलंत, "खरवडलं होतंस?" मी म्हणाले, "नाही सर." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. वर्षभराने गेलात, जेवण कधी धड जमलंच नाही.

हे सगळं लिहिलेले कागद घेऊन दिघीला तुमच्या घरी, बाईंकडे दोनदा गेले. चहा पिऊन परत आले. बाई म्हणतात, तेव्हा घाबरलीस गं, पोरगीच तू. तसं नव्हतं सर, बाहेर आले असते तर खरं सांगावं लागलं असतं. ते पोरीवर हात उचलणार नाहीत, हे मला कडी लावतानाच ठाऊक होतं.