जेवताना फोन चालूच असतो

राजिवडा, रत्नागिरी

प्रिय अब्बा, सलाम.

विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पात पदवीची मुलं घेतायत, त्यात माझी निवड झाली. विषय मीच सुचवला: आखातात गेलेली माणसं घरच्यांशी फोनवर काय बोलतात? मोहल्लाभर विचारत फिरले आणि कोडं सापडलं आपल्याच घरात. तुमचा कुवेतहून फोन आला की अम्मी स्पीकर लावून तो ताटाशेजारी ठेवते. तिकडे तुम्ही जेवता, इकडे ती. एक शब्द नाही! भांडण म्हणावं, तर हात धुवेपर्यंत फोन कुणीच ठेवत नाही. मग ऐकता तरी काय? अम्मीला विचारलं, तर म्हणाली, "जेवताना कोण बोलतंय गो?"

मॅडम म्हणतात, ज्यांचा अभ्यास करायचा त्यांची आधी परवानगी घे. पण तुम्हाला विचारलं, की उद्यापासून तुम्ही माझ्या प्रकल्पासाठी बोलायला लागाल. म्हणून आपलं घर मी अभ्यासातून वगळलंय, आणि हे पत्रही पाठवणार नाही.

काल मात्र राहवलं नाही, दाराआडून पाहिलंच. तिकडे तुम्हाला ठसका लागला, आणि अम्मीने आपला पाण्याचा पेला फोनपुढे सरकवला.

तुमचीच चौकस,
झरीन