हिरड्यातल्या पांढऱ्या सुया

१२ एप्रिल

वाट लागली. कॉलेजातला गॅस संपलाय म्हणून हिरड्याचा काढा घरीच चुलीवर केला — आणि तोही लोखंडी कढईत! एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे मी. हिरडा आणि लोखंड म्हणजे शाई, हे शेंबड्या पोराला पण कळतं. सगळा काढा काळाकुट्ट. आई म्हणाली, "आता केसाला लाव." हिरडा तिनंच हिरडोशीच्या रानात फिरून वेचलेला. अर्धाच उरलाय.

१५ एप्रिल

आज भोरला कॉलेजात, काचेच्या भांड्यात, पहिल्यापासून सगळं केलं. ॲसिड घालून उकळलं, गार केलं, खाली तपकिरी गाळ बसला. हेच माझं गॅलिक ॲसिड, पण मळकं. वाळवून दीड ग्रॅम भरलं. ते पांढरंशुभ्र करून सोमवारी तोंडी परीक्षेत दाखवायचंय. परीक्षक इथल्याच, वरव्याकडच्या एका कंपनीच्या लॅबमधले. त्यांना नोकरीला वर्गातलं एकच जण घ्यायचंय.

अर्ज मी केलाय, आणि माझ्याच बाकावरच्या राजनंदिनीनं. तिचा प्रोजेक्ट कधीच उरकलाय. ती पासलीची, पण भोरात खोली घेऊन राहते. तिला माझ्यासारखी एसटीची घाई नसते.

मला ही जागा पाहिजेच. दादा म्हणतात, "न्हाई झालं तर पुण्यात बघ की." पुण्यात आपल्याला कोण ओळखतंय?

१६ एप्रिल

गरम पाण्यात विरघळवलं. रंग जायला कोळशाची पूड टाकली. गरम असतानाच गाळायचं असतं, आणि मी नरसाळं तापवायलाच विसरले. स्फटिक नळीतच जमून बसले. घाईघाईनं वरून गरम पाणी ओतलं, ते जरा जास्तच झालं. आता पाणी नितळ, पण खाली काही पडेना. काचकांडीनं भांडं आतून घासलं, बर्फात ठेवलं. काही नाही. आटवू का विचारलं तर सर नको म्हणाले, रंग परत चढतो. "कपाटातल्या बाटलीतल्या शुद्ध मालाचा एक कण टाक. विरजण लावतो तसं."

तेवढ्यात शेवटच्या एसटीची वेळ झाली. राजनंदिनी म्हणाली, "तू जा, मी टाकते."

तिच्यासमोर रडले. लाज वाटली, पण रडले.

१७ एप्रिल

सुया पडल्या! पांढऱ्या, बारीक, भांडंभर. राजनंदिनीला मिठीच मारली. "बास की गं, काच फुटंल," म्हणाली.

२० एप्रिल

वितळायचं तापमान पुस्तकाशी जुळलं. परीक्षकांनी कुपीतल्या सुया भिंगातून बघितल्या. "हे हिरड्यातून काढलंय?" माझ्या तोंडून "व्हय" गेलं, आणि सगळे हसले.

संध्याकाळी सरांनी सांगितलं — जागा मला. राजनंदिनीनं स्टँडवर उसाचा रस पाजला. पैसे मला देऊच दिले नाहीत. घरी आईनं देवापुढं साखर ठेवली.

२२ एप्रिल

सरांना द्यायचा रिपोर्ट लिहायला बसले. वजन घ्यायचं राहिलंच होतं, ते आज घेतलं. घातलं होतं दीड ग्रॅम, निघालं पावणेदोन. असं कसं? शुद्ध करताना माल घटतो, वाढत नाही. ओल राहिली असेल म्हणून ओव्हनमध्ये वाळवून परत तोललं. तेवढंच.

२३ एप्रिल

राजनंदिनीला विचारलं. आधी ऐकूच आलं नाही असं केलं. मग म्हणाली, "एक कण टाकला, काय पडंना. मग परत तापवून बाटलीतलं लहान चमचाभर टाकलं. तुजी दशा बघवंना मला." तिचा राग येतोय, आणि तिच्यापुढं मानही वर होत नाही. सरांना सांगायचं तर आधी तिचंच नाव घ्यावं लागेल.

कुपीतलं आईच्या हिरड्याचं किती आणि बाटलीतलं किती, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही. दोन्ही तेच आहे.