चार पोती मीठ

अन्सुआनो,
मंगळवार, १६ जानेवारी १९९६

चि. अराबा हिस एबोदादाचे आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. तिकडे सेकोंडीला तू, लेक आणि नातवंडं सुखरूप असाल असं धरून चालतो, कारण कळवायला तुझ्याकडून कोणी फिरकत नाही. इथे उत्तरेची धूळ यंदा लवकर सुरू झाली. ओठ फुटलेत, समुद्र दिसेनासा झालाय, नुसता ऐकू येतो.

आज मंगळवार, समुद्रात जायचं नाही. होड्या वाळूवर, पुरुष जाळी विणत बसलेले, म्हणून इतिहास मंडळाची बैठक नेहमीप्रमाणे दहा वाजता शाळेत भरली. तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती. ब्रूसाहेबांनी ठेवली होती, मी नाही; खोटं कशाला सांगू. साहेबांनी औषधाचं दुकान लेकाच्या गळ्यात घातल्यापासून मंडळाचं अध्यक्षपद म्हणजे त्यांना मंत्रीपद वाटायला लागलंय. कामं मात्र झाली. जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमीतलं गवत काढलं, सतरा थडग्यांवरची नावं वाचता आली. किल्ल्याच्या वाटेवर पाट्या लावल्या. त्यातल्या दोन कोणीतरी उपटून शेळ्यांच्या गोठ्याला ठोकल्या. आपल्या घराच्या मूळ पुरुषाची जुनी वखार होती ना किनाऱ्यावर, तिची उरलेली भिंत नोव्हेंबरच्या भरतीत गेली. तिच्यातली ट्रंक आपण आधीच बाहेर काढली होती ते बरं झालं.

'बरं झालं' हा शब्द तुला बोचेल. पण लिहिला तो लिहिला.

आता मुद्द्याचं. शाळेनं मागची खोली मंडळाला कायमची दिली आहे. तिथे कायमचं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. एसाबामावशीचा तरुणपणीचा, दारात उभी असलेला फोटो तुझ्याकडे आहे आणि तिचे पिवळे मणी आहेत. ते दोन्ही पाठव. फोटोखाली काय लिहायचं तेही ठरलंय : 'एसाबा, विकत आणलेल्या मुलीची नात.' त्यात वाईट काय आहे? खरं आहे ते. तिची लेक म्हणून तुझंही नाव घालू म्हणालो, तर ब्रूसाहेब म्हणाले, "मास्तर, तिला आधी विचारा." म्हणून विचारतोय.

मला माहीत आहे, सप्टेंबरातला तो दिवस तू मनात धरून बसली आहेस. एकदाच सांगतो आणि विषय संपवतो. कोणाचं मूळ उकरून चारचौघांत बोलू नये, हा आपल्याकडचा कायदा मलाही ठाऊक आहे. तुला तो शिकवणाऱ्या आजीच्याच ताटात मीही जेवलोय. पण त्या कायद्यानं इतिहास मंडळ कसं चालायचं? अमेरिकेतून आलेल्या पेटिग्रूबाई किल्ल्याच्या, गुलाम कोंडायच्या तळघरात रडून झाल्यावर वर आल्या आणि मला विचारलं, "जे जहाजात चढवले ते कळलं. जे इथेच ठेवून घेतले, ते कुठे गेले?" ते शोधायला मी कागदांत शिरलो. नंतर ट्रंकेतला रोजनामा उघडला आणि मूळ पुरुषाच्या हातची ती ओळ सापडली : 'मुलगी, वय दहाच्या आसपास, उत्तरेकडची. दोन पोती मीठ देऊन घेतली. नाव एसाबा ठेवलं. घरातच ठेवली.' मी ती चौकटीत बसवली, उत्सवाच्या दिवशी भिंतीवर लावली आणि लोकांना वाचून दाखवली. इंग्रजीत एकदा आणि आपल्या भाषेत एकदा. मास्तर माणूस आहे, मुलांना समजेल असं वाचलं.

तू मावशीला हाताला धरून आणलं होतंस. एकोणनव्वद वर्षांची बाई, काठी टेकत थेट चौकटीपाशी आली. वाचता येत नसूनही कितीतरी वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "एबो, एवढंच लिहिलंय का?"

मी म्हणालो, "एवढंच, मावशी."

"मग बरं वाचलंस," म्हणाली आणि बसली.

त्यानंतर जे झालं ते मी केलं नाही. घराच्या थोरल्या बाईचं आसन वर्षभर रिकामं होतं, ते तुझ्याकडे यायचं हे सगळे धरून चालले होते. अबाकामामा कुटुंबप्रमुख आहेत, निर्णय त्यांचा. ते म्हणाले, "अराबा चांगली आहे. पण आता सगळ्या गावाला ठाऊक झालं. मिठाच्या पोत्याला आसनावर कसं बसवू?" आसन माझ्या बहिणीला, अज्वाला गेलं. मी तेव्हा तोंड उघडलं नव्हतं हे तुलाही आठवत असेल.

मावशीनं जेवण सोडलं तेही मी सांगितलं म्हणून नाही. पाच आठवड्यांनी ती गेली. अंत्यदर्शनासाठी मोठ्या दिवाणखान्यात तिला ठेवू द्यायचं नाही हा हट्ट अज्वाचा, भट्टीच्या मागच्या पडवीत ठेवलं तेही तिनंच. शोकपत्रक मात्र माझ्या हातचं. घराचं नाव न घालता 'अन्सुआनोची रहिवासी' एवढंच घातलं. तू ते वाचलंस, घडी घातलीस आणि कमरेला खोचलंस. काही बोलली असतीस तर बरं झालं असतं.

तिला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी तू गाव सोडून सेकोंडीला गेलीस. चाळीस वर्षं तू पेटवलेल्या भट्ट्या आता गार पडल्यात, अज्वाला मासळीला धूर देणं जमत नाही, तिची मासळी आतून कच्ची राहते. आवारातली पोरं मात्र तुझ्या भाचीच्या मुलांना 'मीठ, मीठ' म्हणत पळतात. परवा अज्वा ओट्यावरून ओरडली, "अरे, मक्याच्या केंकीला मीठ कमी पडलंय, त्या पोरीला बोलवा, चाटून घेऊ." सगळे हसले.

मीही हसलो.

माझी कुकुआ नाताळात आली होती. तिची आई तिला जन्म देताना गेली आणि तू तिला पाठीला बांधून वाढवलंस, हे मी विसरलेलो नाही. माझ्या घरी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिच्याबरोबर फोटो आणि मणी पाठव. काळजी घेऊ. काचेत ठेवू.

तुझा
एबो



अन्सुआनो,
मंगळवार, ६ फेब्रुवारी १९९६

अराबा,

कुकुआ रविवारी चर्चनंतर आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून पाकीट दिलं. "आत ये," म्हणालो. म्हणाली, "आईनं दिलंय ते पोचवायला आलेय." आई म्हणजे तू. पाकीट हलकं होतं, मण्यांचा आवाज येत नव्हता. आत वहीचा कागद आणि चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं ते मोठं मोठं अक्षर : 'दादा, आईनं विचारलं होतं तेच मी विचारते. एवढंच लिहिलंय का?'

दोन दिवस तो कागद पुस्तकाखाली ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. आज बैठकीला गेलो नाही. पोट बिघडलंय असं कळवलं.

नाही. एवढंच लिहिलं नव्हतं.

चौकट करताना पानाभोवती मी काळा पुठ्ठा कापून लावला होता, तो खालच्या बाजूनं जरा रुंद कापला. त्याच्याखाली आणखी दोन ओळी होत्या. मला पाठ आहेत. 'तिची सख्खी धाकटी बहीण, वय आठच्या आसपास, त्याच व्यवहारात, आणखी दोन पोती. नाव न्यानिबा. थोरली तिला सोडायला तयार नाही, म्हणून हीही घरातच ठेवली.'

न्यानिबा माझी पणजी. माझ्या आईच्या आईची आई. तिचंच नाव अज्वाला ठेवलंय, अज्वा न्यानिबा. आज आसनावर बसून मीठ मीठ म्हणते ती.

हे मला जुलैतच कळलं होतं. त्या दुपारी शाळेत मी एकटाच होतो, पान हातात. काडी लावली असती तर संपलं असतं. तुझंही नाव राहिलं असतं, माझंही राहिलं असतं. काडेपेटी खिशात होती. तू विचारशील की मग लावली का नाहीस.

अज्वाला आसन मिळावं म्हणून केलं असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. अज्वा मला कधीच आवडली नाही. त्या जूनमध्ये पेटिग्रूबाईंना मी वखारीचा इतिहास सांगत होतो, तीन वर्षं वाचून जमवलेला. तू भट्टीतली मासळी उलटवता उलटवता मागून म्हणालीस, "दादा, ते तसं नव्हतं." आणि सांगायला लागलीस. बाईंनी माझ्यासमोरचा टेपरेकॉर्डर उचलला आणि तुझ्या पायाशी जाऊन बसल्या. मंडळाची सगळी माणसं तिथे धुरात डोळे चोळत उभी. ब्रूसाहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही कागद सांभाळा, खरा इतिहास या बाईजवळ आहे." सगळे हसले. तूही हसलीस. तू वाईट मनानं हसली नव्हतीस, मला तेव्हाही कळत होतं.

एवढंच कारण आहे. याहून मोठं काही असतं तर मी आनंदानं लिहिलं असतं.

मावशीला सगळं ठाऊक होतं. तिनं त्या दोघी बहिणींना म्हातारपणी पाहिलं होतं. तुला आठवत असेल, ती जायच्या तीन दिवस आधी मी आलो आणि तिनं तुला पाणी आणायला विहिरीवर धाडलं. तू परत आलीस तेव्हा मी दारातून निघत होतो. मधल्या वेळात काय झालं ते तू कधी विचारलं नाहीस.

ती म्हणाली, "माझी आजी धाकटीला पाठीवर घेऊन आली होती, एबो. अख्खी वाट. तुझ्या पणजीचे पाय फुटले होते."

मी विचारलं, "मावशी, कुणाला सांगितलंस का?"

"त्या दिवशीच सांगणार होते. मग अज्वाची नातवंडं दिसली, पुढच्या बाकावर बसली होती. त्यांनाही मीठ म्हणाले असते. त्यांनी काय केलंय?"

मी म्हणालो, "पुढेही सांगू नकोस."

 मग म्हणाली, "घोटभर पाणी दे." मडक्यात तळाला थोडं होतं. मी म्हणालो, "अराबा आणतेच आहे," आणि उठलो. का दिलं नाही ते मला सांगता येत नाही. तिनं माझ्याकडून काही घेऊ नये असं वाटलं. की माझ्या हातून तिला काही मिळू नये असं, ते आता कळत नाही.

तुझा कागद आल्यावर काल दुपारी मी शाळेत जाऊन चौकट उतरवली. पुठ्ठा सोडवला. कात्रीनं खालच्या दोन ओळी कापल्या आणि आवारात येऊन तुझ्या गार भट्टीत जाळल्या. बोटभर कागद, जळायला काही वेळ लागला नाही. वरची ओळ परत भिंतीवर लावली. पान आखूड झालंय हे ब्रूसाहेबांच्या लक्षात येणार नाही.

हो, वरची ओळ परत लावली. तू हेच पुन्हा वाचशील म्हणून पुन्हा लिहितो.

ईस्टरला अज्वाच्या नातीचं लग्न आहे, मुलगा बंदरातल्या मोठ्या घरचा. मी सत्तर वर्षांचा आहे. मला याच घरातून, दिवाणखान्यातून उचलायचं आहे, पडवीतून नाही. मी अबाकामामांकडे जाणार नाही. मंडळात उठून बोलणार नाही. तू परत ये असंही म्हणणार नाही. आलीस तर तुला बसायला कोणी जागा देणार नाही, आणि मी त्यांना अडवणार नाही.

आता या दोन ओळी जगात फक्त या पत्रात आहेत. माझं अक्षर सगळं गाव ओळखतं, अर्ध्या गावाला मीच अक्षर गिरवायला शिकवलंय. हे पत्र तू मामांच्या हातात दिलंस तर संध्याकाळच्या आत अज्वा आसनावरून खाली येईल आणि मी पडवीत जाईन. कुकुआलासुद्धा नुसतं दाखवलंस तरी पुरे.

तू देणार नाहीस. म्हणूनच लिहू शकलो. त्या पोरांना कोणी मीठ म्हणावं हे तुला सोसणार नाही, तू मावशीची लेक आहेस. तुम्हा मायलेकींच्या या भरवशावर मी सप्टेंबरात ते पान वाचलं होतं आणि याच भरवशावर आज हे पाकीट चिकटवतोय. मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. तू केलंही असतंस, आणि मग मला रोज तेही बघावं लागलं असतं.

फोटो आणि मणी पाठवू नकोस.

या घरात सोळा खोल्या आहेत, माणसं चाळीसच्या वर आहेत, आणि सगळी एकमेकांना रक्ताची म्हणवतात. मी बसून मोजलं, आपल्याकडे मोजतात तसं, आईकडून. मूळ घराण्याचं रक्त आता फक्त अबाकामामांत उरलंय आणि त्यांना मूल नाही. बाकी सगळी त्या दोघींची लेकरं आहेत. तुला हे कोणीतरी सांगायला हवं होतं. सांगणारा मी निघालो.

तुझ्या पणजीनं पाठीवरून आणलेल्या धाकट्या बहिणीचा पणतू,
एबो