काचेवरची किंमत

रविवार, संध्याकाळ. मयूर विहार

निखिलची गाडी हातची गेली. आई शेजारी पेढे वाटून परतली आणि तेवढ्यात त्याचा कॅनडाहून फोन आला. टॅक्स, डीलरचे चार्जेस आणि नवख्या ड्रायव्हरचा इन्शुरन्स धरून गाडी त्याच्या आवाक्याबाहेर गेली. डिपॉझिट बुडालं. माझा धाकटा भाऊ चक्क रडत होता. मी फक्त "अच्छा? अरेरे" म्हटलं.

खरं लिहू? बरं वाटलं मला. दिवाळीत माझ्या फरीदाबादहून घेतलेल्या सेकंडहँड गाडीला सगळ्यांसमोर हसला होता. "ताई, तुम्ही लोक फसायलाच जन्मलात. आमच्याकडे काचेवर लिहिली तीच किंमत!"

घ्यायच्या गाडीच्या तशाच काचेचा फोटो त्यानं गेल्या आठवड्यात मला पाठवला होता. किमतीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, कर आणि इतर शुल्क वेगळे. करोल बागेत गाड्यांचे विमे काढण्यात माझी बारा वर्षं गेली, माझी नजर आधी बारीक अक्षरांवरच जाते. मी फोटो मोठा करून दोनदा वाचला होता.

आईनं विचारलं, "तुझं तर रोजचंच काम आहे हे. त्यानं तुला विचारलं नाही का गं?"

"नाही," म्हणाले. उरलेला पेढाही खाल्ला.

आत्ता पुन्हा तो फोटो उघडला. बारीक अक्षरं तशीच आहेत. खाली त्याचा मेसेज: "ताई, तू हो म्हणालीस तरच सही करतो."

त्याखाली मी पाठवलेला अंगठा.

आणि त्याखाली त्याचं, "थँक्यू ताई."