देवाची चांदी वगळून

सोमवार, संध्याकाळ, केज

जमलं एकदाचं! अण्णांच्या शेळ्या विकायला मी वेबपेज केलंय, पण ‘सगळ्या निवडा’ दाबलं की आमची चांदी नावाची शेळीही विक्रीसाठी निवडली जायची. ती देवाच्या नावची, कधीच विकायची नाही. सकाळी फोनवर एकानं नेमकी तीच मागितली. अण्णा भडकले, "देवाची हाय ती! का म्हनून दाखवली?"

मग दिवसभर मी जावास्क्रिप्टमध्ये बाकीच्या शेळ्यांची एकेक नाव लिहीत बसले. येडीच मी!

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. अण्णांनी आधी चांदीला मागं बांधलं, मग म्हणाले, "आता ह्यातली कुठलीबी बगा."

अरे, एवढंच की! querySelectorAll('.sheli:not(.devachi)'), म्हणजे ‘देवाची’ अशी खूण असलेली सोडून बाकी सगळ्या शेळ्या. एका ओळीत काम झालं. बटण दाबलं, सगळ्या निवडल्या गेल्या, चांदी तेवढी सुटली.

अण्णांनी स्वतः दोनदा दाबून बघितलं. "पोरी, तुझा कंप्युटर बी शेळ्या राखाया शिकला की!"