ती नळी मी चिरली

फिलिप,

बाळाला घेऊन मी खाडीपलीकडे कळव्याला हौसाबाईकडे चालले आहे. तुझ्या थेल्माला विचारलंय. तापातसुद्धा तिने हात जोडले, "बिट्रिसबाय, घेऊन जा त्याला," म्हणाली. तुला विचारायला मी थांबले नाही.

तिचं दूध आटलं तेव्हाच मी म्हटलं होतं, बोंडल्याने पाजू, ते घासून लख्ख तरी करता येतं. तू मुंबईहून ती लांब रबरी नळीची बाटली आणलीस आणि वर मलाच, तुझ्या थोरल्या बहिणीला, अडाणी ठरवलंस. आज ती नळी मी विळीवर उभी चिरली. आत नासक्या दुधाचा थर होता. दोन दिवस पोराला हगवण का लागली, ते आता तरी कळलं?

हौसाबाई सकाळी आपणहून आली. पाजायला घेतलं तसं बाळ तिला असं बिलगलं की तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. तिचं तान्हं घरी आहे, म्हणून आम्हीच तिकडे जातोय. याच बाईला तू 'मिठागरातलीचं दूध आमच्या घरात नको' म्हणून दारातून परत पाठवलंस!

बाळाला बघायला ये. पण आधी तिची माफी मागायची तयारी ठेव, नाहीतर होडीतून उतरूच नकोस.

बिट्रिस