वीस शेपट्यांचं एन्झाइम

३ तारीख, सोमवार. स. ९
संकल्प: या महिन्यात एन्झाइमला सरळ करणार म्हणजे करणारच. कपड्यांवरचे तेलाचे डाग खाणारं हे प्रोटीन गरम पाण्यात लगेच नांगी टाकतं. उपाय: त्याच्या अंगाला तेलकट रेणूंच्या शेपट्या चिकटवायच्या, म्हणजे ते टिकतं. अठ्ठावीसला कमिटी. मला एक्स्टेन्शन द्यायचं की घरी बसवायचं, ते तेव्हा ठरेल.

५ तारीख
लॅबमधली नवी चष्मेवाली तीनच शेपट्या लावते. म्हणे जास्त लावल्या तर एन्झाइमचं तोंडच बंद होतं. अकरा वर्षं इथे घासतोय मी, आणि ही मला शिकवणार! मी बारा लावणार. नाही, वीस!

११ तारीख. दु. ४
वीस लावल्या. द्रावण गढूळ, तळाशी साका. पिपेट भिकार आहे. स्टोअरकीपरला झापलं. तो म्हणाला, पिपेट कालच आलंय. मग कालपासूनच भिकार असणार.

१७ तारीख
जिंकलो! साठ डिग्रीला सहा तास ठेवलं. किती तेल फोडलं, त्याचा आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा तंतोतंत सारखा. शंभर टक्के टिकलं! लॅबच्या प्रमुख मॅडमनी काय विचारावं? मुळात आकडा किती होता म्हणे. कौतुक राहिलं बाजूला! ही बाई मला कधी वर येऊ देणार नाही.

२२ तारीख, शनिवार
कमिटीसाठी काढलेल्या शर्टावर तेल सांडलं. ताटाची कडच बावळट. शर्टाला माझं एन्झाइम फासून भिजत घातला.

२३ तारीख
डाग जिथल्या तिथे. शेजारी नवा डाग, शेपट्यांचा. बायको म्हणाली, साबणाची वडी आहे की घरात. मी ओरडलो, प्रश्न डागाचा नाही, तत्त्वाचा आहे! ती शर्ट उचलून निघून गेली.

२८ तारीख. सं. ६
शर्ट स्वच्छ होता. वडीने.
कमिटीला ग्राफ दाखवला. सरळ आडवी रेघ. एका म्हाताऱ्या तज्ज्ञाने विचारलं, ही रेघ शून्यावर का आहे? म्हणजे शेपट्या लावतानाच एन्झाइमचा खेळ खलास झाला होता. सहा तास मी मढं उकळत होतो. लाज वाटली. एक्स्टेन्शन नाही.

प्रोजेक्ट चष्मेवालीला. तिने जिन्यात गाठलं, म्हणाली, सर, मदतनीसाची एक जागा आहे, याल का? असा संताप आला! ठणकावून नाही म्हणायचं ठरवलं. विचारलं, कधीपासून येऊ.
सोमवारपासून, म्हणाली. आणि शेपट्या तीनच.